अल्टरनेटर कशाने गेला

फोरमन निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या हातांपर्यंत अजून पोचली नव्हती. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गेलेला माणूस. घरातला मिक्सर जरा घरघरला तरी पाना घेऊन उठायचे. या घरात बिघडलेली वस्तू आधी लपवायची असते, हे सुनेने लग्नानंतर पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. शेजारीपाजारी त्यांना फोरमन म्हणत, सून बाबा म्हणे. मुलगा कामासाठी परगावी. त्यामुळे घरात ही दोघंच, आणि दारात सुनेची जुनी छोटी गाडी.

सून घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करणारी नर्स होती. गाडी नसेल तर तिचं अर्धं काम बुडे. सगळ्यात लांब राहायचे एक म्हातारे मास्तर. त्यांच्या पाठीला झोपून झोपून जखम झालेली, ती रोज धुऊन बांधावी लागे, आणि त्यांच्या घराकडे बस जात नसे.

डोळ्यांमुळे फोरमनचं स्वतः गाडी चालवणं बंद झालं होतं. उरली होती ती गाडीची देखभाल. तेल, पाणी, चाकातली हवा, सगळं त्यांच्याकडे. ‘गाडीचं बाबा बघतात,’ असं सून कुणालाही सांगायची, आणि तिने ते सांगावं म्हणून फोरमन अशा वेळी मुद्दाम आसपास घोटाळायचे. त्या तीन शब्दांवर त्यांचा दिवस चांगला जायचा.

तर परवा सून सहज म्हणाली, “बाबा, गाडीचे दिवे जरा फडफडतात हो.”

झालं. काल दुपारी फोरमननी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि डेपोतली जुनी परीक्षा घेतली. इंजिन चालू असतानाच बॅटरीची वायर उपटायची. गाडी बंद पडली तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मेला, चालू राहिली तर जिवंत. गाडी चालू राहिली. रात्री जेवताना त्यांनी निकाल जाहीर केला: “अल्टरनेटर ठणठणीत आहे. पुढची पाच वर्षं तिकडे बघायला नको.”

आज सकाळी त्या ठणठणीत अल्टरनेटरने भर रस्त्यात मान टाकली.

सुनेने फोन करून फोरमनना बोलावलं, आणि गाडी ओढून आणली ती ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात. हा गडी फोरमनच्याच हाताखाली तयार झालेला. आता त्याचेही केस पांढरे व्हायला लागले होते, तरी फोरमन आत आले की तो अजून स्टुलावरून उठायचा. दुकान अरुंद आणि लांबोडकं, भिंतीवर खिळ्यांना जुन्या वायरींची भेंडोळी, आणि सगळीकडे जळक्या वार्निशचा वास. त्याने अल्टरनेटर काढला, खोलला आणि नाकाजवळ नेला.

“डायोड जळलेत. रेग्युलेटरही गेलाय. बाकी वरून तरी बरं दिसतंय.”

“मग तेवढं बदला ना,” सून म्हणाली.

“बदलतो की. संध्याकाळी गाडी हातात. पण ताई, जळले कशाने ते कळायला हवं. आतलंच काही दुखणं असलं तर नवे भागही पंधरवड्यात जळतील, आणि तुम्ही कुठेतरी आडरस्त्याला अडकाल. कारण नाही सापडलं तर अख्खा नवा टाकलेला बरा. तो मागवावा लागेल. तीन दिवस धरा.” मग मान वर न करता त्याने विचारलं, “इंजिन चालू असताना कुणी बॅटरीची वायर काढली होती का? तसं असेल तर प्रश्नच मिटला. त्यात नेमके हेच दोन भाग जातात, बाकीचं मशीन धडधाकट राहतं.”

फोरमनना कालची दुपार आठवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चांगल्या चाललेल्या यंत्राला त्यांनी स्वतःच्या हाताने आग लावली होती, आणि वर जेवताना त्याचं कौतुक केलं होतं. आता हे सुनेसमोर सांगायचं? आणि ज्याला आपण पाना धरायला शिकवलं त्याच्यासमोर? उद्यापासून गाडीचं बाबा बघतात असं ती कुठल्या तोंडाने सांगेल? बॉनेट उघडताना दिसलो तरी म्हणेल, ‘बाबा, राहू द्या.’ ते ‘राहू द्या’ त्यांना आत्ताच ऐकू यायला लागलं.

“मला काही कल्पना नाही,” सून म्हणाली. “बाबा?”

“जुनं मशीन आहे,” फोरमन भिंतीकडे बघत म्हणाले. “वय झालं की जातं.”

इलेक्ट्रिशियनने फडक्याला हात पुसले, मग पुसलेले हात पुन्हा पुसले.

“मग नवाच मागवा,” सून म्हणाली. ती इतक्या सहज म्हणाली की एरवी फोरमनना संशय आला असता. पण आत्ता त्यांना स्वतःचीच चोरी झाकायची होती. त्यांना फक्त सुटल्यासारखं वाटलं.

तिने तिथेच उभ्याने मास्तरांच्या बायकोला फोन लावला. “काकू, तीन दिवस मला यायला नाही जमणार. गाडी बंद आहे... नाही हो, तिकडे येणारी दुसरी नर्स कुणी नाही. तुम्हीच करा. हात स्वच्छ धुवा, पट्टी आधी ओली करा, मग हळू सोडवा. कुशीवर वळवायला शेजारच्यांना बोलवा.”

दुकान लहान, आणि काकूंचा आवाज मोठा. “मला नाही गं जमायचं ते,” त्या पलीकडून म्हणत होत्या. “माझे हात कापतात. परवा नुसता हात लागला तर केवढ्यांदा ओरडले ते. तू येतेस तेव्हा हूं की चूं करत नाहीत.”

“जमेल काकू,” सून म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

फोरमन ऐकत होते. आपला मान राखायला तीन दिवस एका म्हाताऱ्याने ओरडायचं, हा कुठला हिशेब? त्यांना स्वतःचाच राग आला, आणि राग आला की फोरमनना बोलल्याशिवाय राहवत नसे.

“नवा नको,” ते म्हणाले. “वायर मी काढली होती. काल दुपारी. इंजिन चालू ठेवून.”

कुणी दचकलं नाही. सुनेने फोन खाली घेतला. इलेक्ट्रिशियनने विचारलं, “एकदाच?”

“दोनदा.”

“दोनदा कशाला?”

“खात्री करायला.”

इलेक्ट्रिशियनने हसू गिळलं. गिळताना त्याला बरेच कष्ट पडले. “साहेब, ती परीक्षा जुन्या गाड्यांतल्या डायनामोची. या मशीनला बॅटरीचा आधार सुटला की विजेचा दणका आतच बसतो. दुकान टाकलं तेव्हा मीही दोन गिऱ्हाइकांच्या गाड्या अशाच जाळल्या. तुमच्याच पद्धतीने. मग सोडून दिलं.”

“मला कधी बोलला नाहीस.”

“तुम्हाला कोण सांगणार?” तो साधेपणाने म्हणाला.

हे फोरमनना लागलं. लागलं, कारण खरं होतं. ते सुनेकडे वळले. “तुला ठाऊक होतं?”

“तुम्हाला वायर काढताना खिडकीतून पाहिलं होतं. त्याने असं होतं, हे मात्र आत्ता इथे कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“यांच्यासमोर?”

“आणि मी बोललोच नसतो तर?”

“तर नवा टाकला असता,” ती म्हणाली. “त्यात काय.”

त्यात काय होतं ते फोरमनना चांगलं समजत होतं. खांद्यावर जड पिशवी आणि बसचे धक्के, आणि त्यावर काकूंचे फोन. हे सगळं ती मुकाट्याने पत्करायला निघाली होती, सासऱ्याला चारचौघांत खाली बघावं लागू नये म्हणून. अशा वेळी माणसाला आनंद व्हायला हवा. फोरमनना आधी लाज वाटली. आनंद जरा मागून आला, आणि आला तेव्हा त्यांना खोकल्याचं निमित्त करावं लागलं.

इलेक्ट्रिशियनने तोवर मीटर लावून आतली वाइंडिंग तपासली. “चोख आहे. बेअरिंगही नीट फिरतेय. संध्याकाळी गाडी न्या.” मग गाडीशी जाऊन त्याने बॅटरीच्या टोकावरचा पांढरा थर खरवडला. “आणि दिवे फडफडत होते ते यामुळे.”

म्हणजे दोनदा वायर काढली, पण तिच्या टोकाशी काय साचलंय ते दिसलं नाही. फोरमननी तेही ऐकून घेतलं.

सून फोनवर होती. “काकू, येतेय मी. उशीर होईल, पण येते... हो, होतेय दुरुस्त. कशाने बिघडलं ते कळत नव्हतं, आमच्या बाबांनी नेमकं सांगितलं, म्हणून आजच्या आज होतंय.”

शब्द न् शब्द खरा होता. कोपऱ्यातलं स्टूल ओढून फोरमन इलेक्ट्रिशियनच्या शेजारी, शिकाऊ बसतात तसे, डाव्या हाताला बसले.

“हं,” ते म्हणाले, “आता हे मशीन तपासायचं कसं, ते मला पहिल्यापासून सांग.”