चौथी विद्यार्थिनी

सरांनी आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता आपलं ऐकायला कुणी सक्तीने बसत नाही. घरात बायको होती. पण तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "हे बघा, भांडायचं असेल तर मी केव्हाही हजर आहे. व्याख्यान द्यायचं असेल तर दुसरी माणसं शोधा." सरांनी माणसं शोधली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जुन्या नकाशांच्या कपाटाने निम्मी अडवलेल्या खोलीत, दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचा वर्ग भरू लागला. विषय होता 'सुखी आयुष्य म्हणजे काय'. फी नव्हती, परीक्षा नव्हती, आणि खरं सांगायचं तर गर्दीही नव्हती.

चार जण यायचे. एक निवृत्त नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यातच खरं सुख आहे असं तिचं मत होतं आणि ते ती इतक्या दरडावून सांगायची, की समोरच्याला आपण ताबडतोब आजारी पडावं असं वाटे. दुसरे टेलरमास्तर. त्यांच्या मते चांगलं खावं, चांगलं प्यावं, दुपारी झोपावं. बाकी सगळं अस्तर. तिसरा मौनी. तो कधी बोलत नसे, नुसती मान डोलवी, आणि कुणीही काहीही म्हटलं तरी डोलवी. चौथे एक गृहस्थ होते, ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले आणि इथेच माशी शिंकली.

ग्रंथपालबाईंचा नियम होता, चारांपेक्षा कमी डोकी असतील तर खोली मिळणार नाही. शिवाय खोलीवर हास्यक्लबचा डोळा होता. ही मंडळी रोज संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या अंगणात गोल उभी राहून हसत. सरांनी वर 'दुःखाचं मूळ' असं म्हणावं आणि खालून 'हा हा हा' असा गडगडाट यावा, हे नित्याचंच झालं होतं. सरांना त्या माणसांचा मनापासून राग होता. कारणाशिवाय हसणं म्हणजे त्यांना भूक नसताना जेवण्यासारखं वाटे.

"वर्ग गेला समजा," सर घरी येऊन खुर्चीत धपकन बसले. "आता गुरुवारीसुद्धा घरीच."

बायको चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

"गुरुवारीसुद्धा?" तिने विचारलं.

"मग काय करू? चौथा माणूस कुठून आणू?"

तिने चहा गाळून पुरा केला, कप त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मी येते. पण चौथा मिळेपर्यंतच हं. मिळाला की मी मोकळी."

सर इतके खूश झाले, की तिने हे का कबूल केलं असावं, हा साधा प्रश्न त्यांना पडला नाही. तत्त्वज्ञ माणसाला साधे प्रश्न जरा उशिरानेच पडतात.

पहिल्या गुरुवारी ती मागच्या खुर्चीवर, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसली. सरांना घाम फुटला. कॉलेजात त्यांनी शंभर-शंभर पोरं झेलली होती, पण त्यातल्या एकालाही सरांचे मोजे कुठे पडलेले असतात हे माहीत नव्हतं. तरी त्यांनी घसा खाकरला आणि आपला आवडता सिद्धांत मांडला. "सुखी व्हायचं असेल, तर आपलं सुख दुसऱ्या कुणावर अवलंबून ठेवू नये. माणसं येतात, जातात. शहाण्या माणसाचं सुख त्याच्या स्वतःजवळ असतं."

मागून हात वर आला.

"सर, आणि चष्मा?"

"चष्म्याचं काय?"

"तो कुणाजवळ असतो? नाही, रोज सकाळी मला शोधावा लागतो, म्हणून विचारलं."

टेलरमास्तरांनी मांडीवर थाप मारली. मौनीने मान डोलवली. खालून हास्यक्लबनेही नेमकं तेव्हाच हसून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणी म्हणालं नाही, पण खोलीत ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

पुढच्या गुरुवारी सरांनी सावध होऊन प्रश्न विद्यार्थ्यांवरच टाकला. अलीकडे आपण पुरते सुखी कधी होतो, ते प्रत्येकाने सांगायचं. सिस्टरने शेजारणीला बळेच दवाखान्यात नेल्याचं सांगितलं. टेलरमास्तरांनी एका दुपारच्या झोपेचं इतकं रसाळ वर्णन केलं, की मौनीने जांभई दिली. मग बायकोची पाळी आली.

"मी दर गुरुवारी संध्याकाळी सुखी असायचे," ती म्हणाली. "इथे यायला लागायच्या आधी."

"का बरं?" सरांनी विचारलं.

"सर घरी नसायचे."

मास्तर हसायला लागले आणि सरांचा चेहरा बघून गप्प झाले. ती मात्र सरळपणे सांगत होती. "काही करायचे नाही मी. त्यांच्या खुर्चीवर पाय टाकून बसायचे. रेडिओ मोठ्याने लावायचे. 'अगं, हे कुठंय, अगं, ते कुठंय' असं विचारणारं कुणी नाही. तेवढा एक तास मी कुणाचीच कुणी नसायचे. सर म्हणतात सुख दुसऱ्यावर अवलंबून नसावं, पण माझं आहे बाई. यांच्या घराबाहेर जाण्यावर आहे."

सरांना लागलं. चांगलंच लागलं. घरी जाताना ते म्हणाले, "मग वर्ग का वाचवलास?"

"वर्ग बंद पडला असता तर माझा गुरुवार कायमचा गेला असता," ती म्हणाली. "चार-सहा गुरुवार घालवून जन्माचे वाचवतेय. इतका हिशेब मलाही कळतो."

वाद घालायला सरांनी तोंड उघडलं, आणि गंमत अशी, की तीच वाद घालू लागली. कोपऱ्यापर्यंत घातला, जिन्यात घातला, कुलूप उघडताना घातला. एकटेपणाचं सुख आणि सोबतीचं सुख, यांत मोठं कुठलं? इतक्या वर्षांत सरांना असं कुणी पुरून उरलं नव्हतं. त्या दिवसापासून ते वर्गाची तयारी करू लागले ती तिला डोळ्यांपुढे ठेवून. इथे ती काय विचारेल? इथे अडवेल का? मंगळवारपासूनच त्यांना गुरुवारचे वेध लागत. म्हाताऱ्याला नवं प्रेम जडावं तसं झालं होतं, फक्त ते जुन्याच बायकोवर.

आणि एका गुरुवारी जिन्यात एक गोलमटोल माणूस भेटला.

"सर, तुमच्या वर्गात यायचंय," तो कुजबुजला. "मी खालच्या हास्यक्लबात आहे. तीन वर्षं रोज हसतोय हो. गाल दुखतात. जरा गंभीर व्हावंसं वाटतंय."

चौथा माणूस! आपण होऊन चालत आला होता. सरांना आनंदाने उडी मारायला हवी होती.

"माफ करा," सर म्हणाले. "जागा नाही. वर्ग भरलाय."

वर्गात तीस खुर्च्या होत्या. तो बिचारा मान खाली घालून वळला, आणि त्याच्या मागे, दोन पायऱ्या खाली, भाजीची पिशवी घेऊन बायको उभी होती.

वर्गात तिने एकही प्रश्न विचारला नाही. सर काय बोलले ते त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. परतीच्या वाटेवरही ती गप्प होती. दिव्याच्या खांबाशी सरांना ते असह्य झालं.

"खोटं बोललो मी," ते म्हणाले. "तो आला असता तर तू यायची थांबली असतीस. मला ते नको होतं. तुझा तास मी ढापला, कळतंय मला. पण तू मागे बसलेली असलीस की मला शिकवावंसं वाटतं. बस्स. सिद्धांत गेला खड्ड्यात."

ती चालायची थांबली. तिने पिशवी त्यांच्या हातात दिली, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "हे आधी सांगायला काय झालं होतं? चाळीस वर्षं वाट बघतेय."

मग पाच-पन्नास पावलं चालल्यावर तिने निकाल दिला. "त्या माणसाला बोलवून घ्या. मीही येत राहीन. पण माझा तास मला पाहिजे. दर बुधवारी संध्याकाळी तुम्ही घराबाहेर."

"अगं, पण जाऊ कुठे?"

"ते तुमचं तुम्ही बघा. शहाण्या माणसाचं सुख त्याच्या स्वतःजवळ असतं ना?"

सरांनी त्या गोलमटोल माणसाला बोलावणं धाडलं आणि बुधवारी ते घराबाहेर पडले. बाजारात दोन चकरा मारल्या, बंद असलेल्या बँकेची पाटी वाचली, आणि पाय सवयीने वाचनालयाकडे वळले. मागच्या अंगणात हास्यक्लबचे कप्तान कमरेवर हात ठेवून उभेच होते.

"या सर. आमचा एक माणूस पळवलात तुम्ही. आता भरपाई द्या."

सरांना पळता भुई थोडी झाली, पण पळणार कुठे? घर तर त्यांना तासभर बंद होतं. त्यांना दोघांच्या मध्ये उभं केलं गेलं. "आधी खोटं हसायचं," कप्तानांनी समजावलं, "खरं आपोआप मागून येतं." सर म्हणाले, "हा." मग जरा थांबून, "हा." हजेरी देतात तसं.

शेजारची बाई पोट धरून हसत होती. सरांनी वेळ बघायला चष्मा शोधला, खिशात नव्हता. नेहमीप्रमाणे तोंडातून "अगं" निघालं, आणि उत्तर आलं नाही. तेव्हा त्यांना घर दिसलं. ती आत्ता त्यांच्या खुर्चीवर पाय टाकून बसली असेल. रेडिओ बोंबलत असेल. कुणीही तिला हाक मारत नसेल, आणि ती अगदी, अगदी मजेत असेल. सरांनी कपाळाला हात लावला. चष्मा तिथेच होता.

आणि सरांना हसू फुटलं. पोटातून आलं, आवरेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सगळं अंगण त्यांच्याकडे बघत राहिलं.

"वा, सर!" कप्तान म्हणाले. "काय आठवलं एवढं?"

"घर," सर डोळे पुसत म्हणाले. "माझ्यावाचून काय झकास चाललं असेल हो!"

कप्तानांनी घड्याळ बघितलं आणि आजचं पुरे म्हणून टाळी वाजवली. लोक चपला शोधायला लागले. सर जागचे हलले नाहीत.

"अजून एकदा हसू या की," ते म्हणाले. "इतक्यात घरी जाऊन चालायचं नाही."