खात्री नसेल तर

विल्मारने सकाळी साडेसातला संगणक पुन्हा चालू केला आणि दुधाची टाकी गार ठेवणारा कॉम्प्रेसर काही सुरू होईना.

टाकीत नऊ गोठ्यांचं दूध होतं. अकराला मोंतेविदेओचा टँकर येणार, आणि सहा अंशांच्या वर गेलेलं दूध टँकरवाला मुळीच घेत नाही. काटा पाचावर होता. शिवाय नेल्बा मावशीने अख्ख्या दूध सोसायटीशी भांडून हे काम भाच्याला, म्हणजे विल्मारला, मिळवून दिलं होतं.

आदल्या दिवशी विल्मारने संगणकाचा कर्नल नव्याने बांधला होता. कर्नल म्हणजे आतला मुकादम. कोणत्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा ते तोच ठरवतो. पहारा कडक करायचा म्हणून सुरक्षेचे पर्याय एकेक करून निवडायचे होते. आता हे पर्याय ज्याने लिहिले त्याला समोर बसवून वाचून घ्यायला हवेत! प्रत्येक प्रश्नाखाली लांबलचक खुलासा, तो वाचून डोक्याचा भुगा, आणि शेवटी एक ओळ: 'खात्री नसेल तर नाही म्हणा.' कुठे 'खात्री नसेल तर हो म्हणा.' विल्मारला जवळजवळ कशाचीच खात्री नव्हती. त्याने निमूटपणे ऐकलं. सुरू करतानाच पहारा बंद करायची सोय हवी का? खात्री नाही. म्हणून नाही.

आता पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: परवानगी नाकारली. गारव्याच्या प्रोग्रॅमला कॉम्प्रेसर चालवायची परवानगी नव्हती. नियमांच्या यादीत विल्मार त्याचं नाव घालायला विसरला होता. पण नाव नसेल तर सध्या नुसती नोंद करून सोडून दे, असं त्याने मुकादमाला सांगून ठेवलं होतं ना? आणि आता पहारा बंदही होईना. त्याला काही उमजेना.

"काय रे, दूध तापलं की तू?" मावशी आत आली. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते, म्हणजे नळीने ओढायचा कडू पाल्याचा चहा.

"मावशी, मला काहीच कळत नाहीये."

"काटा साडेपाचावर आलाय. एवढं तरी कळतंय?"

तिने माते त्याच्या हातात दिला, चाऱ्याची पोती बाजूला ओढली आणि मागचा, संगणकाला न विचारता चालणारा जुना खटका खाली पाडला. कॉम्प्रेसर धडधडला. गेल्याच महिन्यात विल्मार हा खटका काढून टाकणार होता. "राहू दे, तेवढा मला समजतो," असं ती म्हणाली होती, आणि तो हसला होता. आता त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

टँकर सव्वाचार अंशांचं दूध घेऊन गेला. तेव्हा कुठे विल्मारने सगळे पर्याय पुन्हा पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"सापडलं?"

"एक प्रश्न होता, विकासकांसाठीची, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीची, सोय हवी का. मी म्हटलं, आपण दूधवाले, आपण कुठले विकासक? नाही म्हटलं. नुसती नोंद करून सोडून द्यायची सोय तिथेच होती. खाली लिहिलं होतं, खात्री नसेल तर हो म्हणा."

"मग?"

"मला खात्री होती. सगळ्यांत तेवढ्या एकाचीच."

मावशीने मातेचा शेवटचा घोट ओढला.

"पुढच्या वेळी मला बोलाव," ती म्हणाली. "मला कशाचीच नसते."