मडगार्डावरची सप्रेम भेट

सायकलवर नाव टाकून आणायची अक्कल माझीच, आणि त्यापायी महिनाभर घरात बोलणी खाल्ली तीही मीच.

शाळेतून मिळालेल्या निळ्या सायकली आमच्या भागात घरोघरी आहेत. कॉलेजच्या पोरी त्या शहापूरच्या फाट्यावर ओळीनं लावतात आणि भंडाऱ्याची बस धरतात. आमचं गाव फाट्यापासून पाच किलोमीटर आत. बस येत नाही, ऑटोचा भरवसा नाही. म्हणून माझ्या तृप्तीच्या बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सायकल आहे तवरिक कॉलेज. सायकल गेली का कॉलेज बंद. परसरामभाऊचं पोरगं पाहूनच ठेवलं आहे मी."

त्या टिचभर कुलपावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी सायकल घेऊन थेट भंडाऱ्याला भांड्याच्या दुकानात गेले. तिथं टिकाराम लग्नाच्या भांड्यांवर मशीननं नावं टाकतो. "मागच्या मडगार्डावर टाक. पोरीचं नाव, बापाचं नाव, गाव," असं सांगून मी पराती बघत बसले. लग्नसराईचे दिवस, त्याचा हात सवयीनंच चालला. येऊन वाचते तर काय! 'चि. सौ. कां. तृप्ती हिस विवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट. नत्थू बांते.' आणि खाली आमचं गाव.

रंग खरवडून पत्र्यात उतरलेली अक्षरं, पुसणार कशानं? टिकारामला मी भर दुकानात फैलावर घेतलं. तो बिचारा एवढंच म्हणाला, "काकू, सकाळपासून पाण्याच्या चाळीस गुंडांवर नावं टाकली, सगळ्यांवर हेच होतं."

तृप्ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवसापासून ती रोज सकाळी अक्षरांवर चिखल फासून निघायला लागली. तिचे बाबा मात्र खूश. "आता त सायकलही म्हणून राहिली, लगन करा," असं ज्याला त्याला सांगत सुटले. मला असा राग यायचा!

गेल्या गुरुवारी पोरगी संध्याकाळी पायी घरी आली. चेहरा पांढराफटक.

"आई, सायकल नाही. सगळ्या सायकलींचे मडगार्ड पाहिले. माह्यावाली नाहीच."

सायकलीचं दुःख राहिलं बाजूला, डोळ्यांपुढे परसरामभाऊचं पोरगं उभं राहिलं. तृप्तीला म्हटलं, तू तोंड उघडू नको. उद्या मी स्वतः फाट्यावर जाऊन शोधते. तेवढ्यात हे शेतातून आलेच. पाय धुता धुता त्यांची नजर अंगणाच्या रिकाम्या कोपऱ्यावर गेली.

"तृप्तीची माय, सायकल काहून दिसत नाही?"

काय सांगावं? मी चुलीत फुंकर मारत बसले. चूल पेटलेलीच होती.

तोच फाटकाशी हाक आली. "नत्थू बांतेचं घर हेच का जी?" एक म्हातारी बाई, सोबत रडवेली पोरगी, आणि दोघींच्या मध्ये आमची सायकल. मडगार्ड आरशासारखं लख्ख. देवा, वाचवलंस रे बाबा!

बाई शेजारच्या गावच्या विमलाबाई. जयभीम करून बाजेवर टेकल्या आणि दम खात म्हणाल्या, "हे माही नातीन, रुचिता. घाईत तुमची सायकल घेऊन आली. हिची चाबी तुमच्या कुलपालेही लागते, कोणाले मालूम! चिखलानं भरलेली दिसली, म्हणून मी धुवाले घेतली. पाहातो त अक्षरं निंगाली. चौथी शिकली आहो मी, वाचलं. म्हटलं, अरे बापा, हे त कोण्या पोरीच्या लगनाची भेट! उद्यावर टाकून जमन काय? तशीच निंगाली."

"आणि हिची सायकल?" मी विचारलं.

"ते फाट्यावरच उभी असन. जाता जाता घेतो."

मी चहा टाकला, साखर दुप्पट. टिकारामला घातलेल्या सगळ्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या. विमलाबाईंनी तृप्तीला जवळ बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि यांना विचारलं, "मंग लगन कवा आहे पोरीचं?"

तृप्तीनं मान खाली घातली. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. यांनी सायकलीकडे पाहिलं, मग पाच किलोमीटर चालून धुळीनं भरलेल्या पोरीच्या पायांकडे.

"लगन नाही जी," ते म्हणाले. "ते दुकानदाराची चूक आहे. पोरगी कॉलेजात शिकून राहिली."

मला पदर डोळ्यांना लावावाच लागला. लावला, आणि धुराचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्ती अंगणात सायकलीपाशी वाकलेली दिसली. म्हटलं, झालं हिचं सुरू, फासला चिखल. जवळ जाऊन पाहते तर तिच्या हातात ओलं फडकं होतं आणि ती मडगार्ड पुसत होती.