मैनाबाईच्या उंबऱ्यावरचं पहिलं पाऊल

नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत नळ एक आणि बायका बावीस. त्यामुळे कोण कोणावर जळतं हे शोधायला लांब जावं लागत नाही. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तर, हजेरी घ्यायची सवय हाडात मुरलेली. म्हणून खात्रीनं सांगतो, कुसावहिनींचा चांगुणाबाईंवरचा जळफळाट तीन वर्षांत एकही दिवस गैरहजर राहिला नाही.

कारण मैनाबाईचा उंबरा.

मैनाबाई म्हणजे सावळीरामदादांची बायको. दादा लष्करात कारकून. व्हिएतनाममध्ये शस्त्रसंधीवर नजर ठेवायला जे आंतरराष्ट्रीय कमिशन होतं, त्यात आपल्या बाजूचे कागद टंकायला ते सायगावला गेले आणि बहात्तर साली परतले ते ट्रंक, छत्री आणि बायको घेऊन. तिचं नाव माई. पण नव्या नवरीला माई कोण म्हणणार? पहिल्याच आठवड्यात तिची मैनाबाई झाली. बुद्धवंदना ती आमच्याहून सुरेल म्हणायची. मराठी मात्र नळावर शिकली, त्यामुळे शिव्या आधी आल्या, बाकीची भाषा मागून.

व्हिएतनामी लोकांचं नवं वर्ष आपल्या माघाच्या पहिल्या दिवशी लागायचं. आदल्या दिवशी ती केळीच्या पानात तांदूळ, मुगाची डाळ आणि डुकराचं मांस बांधून वरवंट्याएवढ्या गुंडाळ्या करायची, दिवसभर अंगणातल्या हंड्यात शिजवायची आणि घरोघर एकेक द्यायची. दारात पिवळी शेवंती. तीन दिवस घरात केरसुणी लावायची नाही, नशीब केराबरोबर बाहेर जातं. तीन दिवस भांडायचं नाही, कुणाला वेडंवाकडं बोलायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, पहिल्या सकाळी जो पाहुणा उंबरा ओलांडून पहिला आत येईल, त्याच्या पायगुणावर त्या घराचं अख्खं वर्ष जातं. म्हणून तो पाहुणा आधीच ठरवून ठेवायचा. एका वर्षी न ठरवता दूधवाला शिरला आणि जूनमध्ये घरावरचे पत्रे उडाले. तेव्हापासून मैनाबाई याबाबतीत कुणाचं ऐकत नव्हती.

अठ्ठ्याहत्तरला तिनं चांगुणाबाईंना बोलावलं. एकोणऐंशीला चांगुणाबाईंना. ऐंशीला पुन्हा चांगुणाबाईंनाच.

चांगुणाबाईंनीही मिरवण्यात काही कमी केलं नाही. घागर भरता भरता म्हणायच्या, "माझं पाऊल पडल्यापासून त्यांचा पत्रा नाय हलला बरं का. पोरगं माझं एकलहऱ्याला पॉवर हाऊसात लागलं, ते वेगळंच."

"पोरगं पावलानं नाय लागलं," कुसावहिनी पुटपुटायच्या, "मामाच्या वशिल्यानं लागलं."

एक्याऐंशीचा माघ आठवड्यावर आला तशा कुसावहिनी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. पदर घट्ट, डोळे लाल.

"मास्तर, तुम्ही शिकलेले. त्या मैनाबाईला एकदा विचारा. मी रांडमुंड हाय म्हणून बोलवत नाय का?"

मी चपापलो. त्यांचे यजमान केरूभाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"असलं आपल्यात राहिलंय का आता, वहिनी?"

"तेच तर! पंचांग, मुहूर्त, पांढरं कपाळ, सगळं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं. पंचवीस वर्षं झाली. अन् आता सायगावची बाई येऊन मला दारात थांबवणार? चांगुणाअक्काचा नवरा जित्ता हाय, एवढंच ना तिचं मोठेपण?" आवाज फाटला. "अक्का कुणाच्याबी दारात तशीच शिरती, मास्तर. मला कुणीतरी या म्हणावं लागतं."

हेवा मी पुष्कळ पाहिला, पण त्याच्या तळाशी एवढं ओलं असेल असं वाटलं नव्हतं. मी तडक मैनाबाईकडे गेलो.

ती केळीची पानं पुसत होती. प्रश्न ऐकून तिनं कपाळाला हात लावला.

"विधवा? छ्या! माझी आई विधवा. कुसाबाई मला आवडते. पण ती माकड!"

"काय?"

सावळीरामदादा हसत बाहेर आले. "त्यांच्यात प्रत्येक सालाला एक जनावर असतं, मास्तर, बारा सालांचं चक्र. ही अडतीसची, म्हणजे वाघ. वाघाचं माकडाशी पटत नाही. घोड्याशी पटतं. मी म्हणतो, आम्ही पंचांग टाकलं आणि तू हे घरात आणलंस. तर म्हणते, पत्रे तुम्ही बसवणार का?"

तिनं वही दाखवली. तीन वर्षांपूर्वी नळावर एकेकीला विचारून दादांकडून लिहून घेतलेली. चांगुणा, एकोणीसशे तीस, घोडा. कुसा, एकोणीसशे बत्तीस, माकड.

मला खोकला आला. दादांनी पाणी दिलं.

ती सकाळ मला आठवत होती, मी रांगेतच होतो. चांगुणाबाई ताठ मानेनं म्हणाल्या होत्या, "काळारामाच्या सत्याग्रहाच्या सालची मी, तीसची." मागून कुसावहिनी लगेच, "सत्याग्रह काय, पाच वर्षं चालला. मी मधली, बत्तीसची. म्हणून तर मी हिला अक्का म्हणते." आणि तेव्हापासून भर नळावर, दर दोन वाक्यांनी, अक्का. चांगुणाबाई दर वेळी दाताखाली खडा आल्यासारख्या व्हायच्या.

माझी आई मात्र सांगायची की सत्याग्रहाच्या पहिल्या दिवशी, तीसच्या मार्चात, कुसाची आई सात महिन्यांची पोटुशी होती आणि तरी उन्हात बसली होती. म्हणजे कुसावहिनी तीसच्या वैशाखातल्या. चांगुणाबाई त्याच सालच्या दिवाळीतल्या.

मी परत जाऊन सगळं सांगितलं. कुसावहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"म्हणजे मी पण घोडा?"

"चांगुणाबाईंच्या आधीचा घोडा."

"तर मग मास्तर, तुम्ही हळूच त्या वहीत..."

"मैनाबाई वहीत कुणाला खोडू देत नाही. तुमच्या तोंडून ऐकेल, तरच."

"सगळ्यांच्या म्होरं?"

"विचारलं सगळ्यांसमोर होतं ना."

आठवडाभर कुसावहिनींनी जेवण टाकल्यासारखं तोंड केलं. इकडे उंबरा, तिकडे वयातली लपवलेली दोन वर्षं. आदल्या दिवशी संध्याकाळी हंड्याभोवती सगळ्या बायका जमल्या, वाफेला केळीच्या पानाचा वास. मैनाबाईनं हात पुसले आणि ती चांगुणाबाईंकडे वळली. तोंड उघडलं, एवढ्यात कुसावहिनी उठून उभ्या राहिल्या.

"थांब, मैना. माझं साल चुकलंय. सत्याग्रहाच्या पहिल्या दिवशी मी आईच्या पोटात होते. तिथंच, मंदिराच्या दारात. मी तीसची."

मग मैनाबाई टाळी वाजवून ओरडली, "घोडा! कुसाबाई घोडा! तीन वर्ष मी विचार करते, एवढी चांगली बाई, माकड कशी? उद्या तू ये!"

चांगुणाबाईंचा चेहरा क्षणभर विझला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जळताना मी पाहिलं. पण बाई हुशार. बोटांवर मोजलं. वैशाख, जेठ, आखाड... दिवाळी. आणि चेहरा पुन्हा उजळला.

सकाळी कोवळ्या उन्हात कुसावहिनी निघाल्या. नवं हिरवं लुगडं, हातात शेवंतीचा गजरा. मैनाबाई दारात हसत उभी. सगळी वसाहत नळावर. कुसावहिनींनी उजवा पाय उचलला, आणि पाठीमागून चांगुणाबाईंचा मधासारखा आवाज आला,

"अक्का, दमानं! या वयात उंबरा लागतो!"

नळावर हशा उसळला. कुसावहिनींचा पाय हवेतच थांबला. मान अर्धी वळली, ओठ उघडले. मैनाबाईनं घाबरून बोट ओठांवर ठेवलं. पहिला दिवस. वाईट शब्द नाही.

कुसावहिनींनी ओठ मिटले, दात दाखवून हसल्या आणि आत गेल्या.

तीन दिवस त्या तशाच हसत होत्या. चांगुणाबाई घागर भरताना अक्का, उचलताना अक्का, डोक्यावर घेताना अक्का. आणि यांचं हसू.

चौथ्या दिवशी मी शाळेला निघालो तेव्हा नळाला पाणी यायला अजून अर्धा तास होता. कुसावहिनी एकट्याच घागर पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या. पदर खोचलेला, नजर चांगुणाबाईंच्या दारावर.