झाकणाखालची कुरकुर

मी गॅलरीतली फुटकी बादली बोलतेय. कडी तुटली आणि काठाला तडा गेला, तेव्हा मला न्हाणीघरातून काढून दाराशी ठेवलं होतं. भंगारवाला यायचा होता. मी देवाला हात जोडले. म्हणजे असते तर जोडले असते. म्हटलं, "मला पुन्हा कामाला लाव. पडेल ते करीन, कुरकुर करणार नाही." देवाने त्याची बाजू पाळली. माझी बाजू मात्र रोज मोडते. ऐका, आणि तुम्हीच सांगा माझं चुकतं का.

त्याच सुमारास घरातली धाकटी तापाने फणफणली होती. धाकटी जिला आई म्हणते तिला मीही आईच म्हणते. आई लेकीच्या उशाशी बसून पुटपुटली, "हिला बरं वाटू दे. औषध न मारता, माझ्या हाताने पिकवलेला पहिला टोमॅटो तुझ्यापुढे ठेवीन. तोवर मी टोमॅटो तोंडात घालणार नाही."

ताप उतरला. नेम राहिला. आणि हा नेम साधा नव्हे बरं! भाजी चिरता चिरता अर्धा टोमॅटो मीठ लावून फस्त करणारी बाई ही.

आईने खिळा तापवून माझ्या तळाला भोकं पाडली. फार दुखलं, पण भंगारापेक्षा बरं. खाली सुकी पानं, वर भाज्यांची सालं, त्यावर फाडलेलं वर्तमानपत्र. मूठभर गांडुळं आणून तिने अलगद आत सोडली आणि वर एक जुनं झाकण ठेवलं. "सांभाळा गं बायांनो," म्हणाली. मला वाटलं, आता आपलं भलं झालं.

पण घरातल्यांना बादली दिसली की काहीतरी टाकल्याशिवाय चैन पडत नाही! आजीने गाळणीतला चहाचा चोथा साखरेसकट ओतला. मुंग्यांची रांग लागली. मग तेलाचा तवंग असलेली शिळी भाजी आली आणि मला असा वास सुटला की माझी मलाच लाज वाटली.

"सासूबाई, तेलकट नको हो त्यात."

"अगं, कुजायचंच आहे ना शेवटी? मग कुजेना का!"

धाकटीने केळ्याचं साल टाकलं ते दुकानाच्या छापील चिकटपट्टीसकट. बाबा येता-जाता झाकण उघडून बघायचे आणि उघडंच टाकून जायचे. माझ्यातून पाणी गळलं म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "तुमची शेती माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर उतरलीय," म्हणाल्या. आईने चादर धुऊन दिली आणि माझ्याखाली ताटली ठेवली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तरीही माझ्या पोटात खत झालं. काळं, मोकळं, मातीचा वास येणारं. आईने ते कुंड्यांत घातलं, रोपं लावली. पहिली खेप मुळं कुजून गेली. दुसऱ्या खेपेला फुलं आली आणि गळाली. तिसऱ्या खेपेला फळ धरलं, तर शेंड्यांवर मावा आला, ती बारीक चिकट कीड. आई रोज सकाळी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसायची. ताटातल्या कोशिंबिरीतला टोमॅटो निवडून कडेला ठेवायची. बाबा ते बघायचे आणि हातातला घास परत ताटात ठेवायचे. ते मला दिसायचं, म्हणून त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

एका दुपारी आई बाजारात गेली होती. बाबा पिशवीतून बाटली काढून गॅलरीत आले. फवारा मारला. भर्रकन. पानं, फळं, सगळं ओलं. बाटलीत थोडं उरलं. मोरीत ओतलं तर वास येईल, म्हणून त्यांनी माझं झाकण उघडलं.

मी काय करणार? ओरडायला तोंड असून आवाज नाही. माझ्या पोटात गांडुळं तडफडली आणि मग निपचित पडली.

दुसऱ्या दिवशी मावा नाहीसा झाला होता. एक टोमॅटो लालसर होऊ लागला होता. आईचा चेहरा उजळला. सालं टाकायला तिने झाकण उघडलं, तर आत गांडुळं मेलेली आणि उग्र वास.

"अहो, ह्यात काय ओतलंत?"

"कशात?... जरासंच होतं गं. माव्याचं औषध. तुझा नेम एकदाचा सुटावा म्हणून."

"नेम माझा आणि घाई तुम्हाला?"

"देवाला काय कळणार आहे?"

"त्याचं त्याच्यापाशी. मला कळलं ना आता."

तिने आवाज चढवला नाही. रोपं उपटली, लालसर टोमॅटोसकट पिशवीत भरली. कुंड्या रिकाम्या केल्या. मला पालथं करून घासलं, उन्हात वाळवलं.

एवढ्या दिवसांचं माझं काम एका फवाऱ्यात मातीमोल! आणि तेही प्रेमापोटी. वैऱ्याने केलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

आता पुन्हा पहिल्यापासून. नवी पानं, नवी गांडुळं. रोपं बोटभर आहेत. बाबा संध्याकाळी माझ्याजवळ बसून वर्तमानपत्र फाडतात. परवा त्यांनीही ताटातला टोमॅटो कडेला सारला.

"तुम्हाला काय झालं?" आईने विचारलं.

"तुझा लागेल तेव्हा दोघं खाऊ."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी. पण काल माझ्यात पुन्हा चिकटपट्टी आली, हेही सांगून ठेवते!

माझं एक ऐका. आईसारखा एखादा छोटा नेम तुम्हीही धरा. घरच्या सालांचं खत, खिडकीत एक कुंडी, औषधाविना एक रोप. उशीर लागेल, चिडचिड होईल, धरून राहा. आणि घरात दुसऱ्या कुणी नेम धरला असेल, तर तो लवकर सोडवायला जाऊ नका. जवळ बसा, कागद फाडा.

आणि उठताना झाकण तेवढं लावा.