कस्तुराची जोडी

मले कोनी "पक्षीमित्र" म्हटलं का आता डोस्कं फिरते. मित्र कायचा डोंबलाचा!

धामणगाव बढेच्या पलीकडं जंगलात एक खोल दरी हाये. मी अन् सकलैन दर रविवारी तिथं पाखरं पाह्याले जायचो. सकलैनचं गावात सायकलचं दुकान, माणूस लय बोलका. त्या सकाळी गरुड दिसला अन् हा ओरडला, "शेखरभाऊ, वर पाहा, वर!" गरुड पसार. म्या त्याले झापलं, "दरीत पुन्हा तोंड उघडलं तं संगं आननार नाही. काही लागलं तं शीळ घाल." तो तोंड पाडून पलीकडच्या कड्याकडं गेला.

घंट्याभरानं खालून शीळ आली. माह्या अंगावर काटा! शीळकरी कस्तूर! हे पाखरू अगदी मानसावानी शीळ घालते. आपल्याकडं म्या ते पाह्यलं म्हनून सांगतलं, तवा पाखरंवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर समद्यांनी माही टर उडवली व्हती. म्या मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं अन् दगड होऊन बसलो. मंग दुसरी शीळ आली, पहिलीले जबाब देत. जोडी! खुशीनं डोयात पानी आलं. सकलैनचं नावबी मनात आलं नाही.

दुपारी तो जीपपाशी आला नाही. रुसून गेला असन म्हनून मी एकटाच घरी आलो. रेकॉर्डिंग त्याच ग्रुपवर टाकलं अन् वाहवा सुरू झाली.

चार वाजता त्याची बहीन अदीबा दारात. "भाई कुठी हाये?"

"येईन वो. तू हे तं ऐक," म्या मोबाईल पुढं केला.

ऐकता ऐकता तिचं तोंड पांढरंफटक पडलं. "हा तं भाई हाये, शेखरभाऊ. हातात सामान असलं का दार उघडाले अशीच शीळ घालते."

वनरक्षकाले घेऊन पोचलो तवा दिवस मावळून राह्यला व्हता. खालून शीळ आली. तीच.

"जिंदा हाये भाई!" अदीबा धावत सुटली.

सकलैन कड्यावरून घसरून खाली कपारीत पडला व्हता. मांडी फाटलेली, अंग कवाचं थंडगार अन् ताठ. त्याच्या छातीवर निळाकाळा कस्तूर बसला व्हता अन् ती दाराची शीळ जशीच्या तशी घालून राह्यला व्हता. आमाले पाहूनबी उडाला नाही.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी अदीबानं मोबाईल मागतला. म्या म्हटलं, "पुसून टाकतो मी ते." ती म्हनाली, "नाही, लावा."

ती बोट वर करून ऐकत राह्यली. "हा भाई. हे पाखरू. हा भाई." सहाव्या मिनिटाले एकच शीळ उरली.

"इथं भाई थांबला," ती म्हनाली. "तुमी कवा उठले, शेखरभाऊ?"

खोटं बोलावं वाटलं.

"अर्ध्या घंट्यानं," म्या म्हटलं. "दुसरा पुन्हा बोलन म्हनून वाट पाहत व्हतो."