उणे चार

हिराला विमानाचं तिकीट आलं आणि त्या दिवसापासून सविताच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन जाणारं दुखणं नव्हतं ते. उगाच खोटं कशाला बोलायचं, सविता जळत होती.

हिरा म्हणजे तिची धाकटी जाऊ. टाकवे बुद्रुकला एकाच अंगणात दोघींची दोन घरं, मधे शेवग्याचं झाड आणि कपडे वाळत घालायची सामाईक दोरी. हिराची लेक माऊली नागपूरला दिलेली. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं, तेव्हा तिथंच मुलगा झाला. आता बाळंतिणीचं करायला आई पाहिजे, म्हणून जावयानं मोबाइलवर तिकीट पाठवून दिलं. पुणे ते नागपूर, सव्वा तास. तसं स्वस्तातलं विमान, आत पाणीसुद्धा विकत. पण शेवटी विमान ते विमान!

हिरानं ते तिकीट अख्ख्या आळीला दाखवलं. "खिडकीची सीट हाय. जावयांनी त्याचं येगळं पैसं भरलं," असं सांगायची, कुणी विचारलेलं नसताना. आणि सविता एकटी सापडली की तिला भलतंच काहीतरी विचारत बसायची.

"बाई, इमानात चढताना चप्पल काढाय लागती का वो?"

आता हे सविताला काय ठाऊक? ती जन्मात कधी विमानतळाच्या फाटकापर्यंतसुद्धा गेली नव्हती.

"बाई, वर गेल्यावर कान लय दुखत्यात म्हनं. खरं का?"

"मग नको जाऊस," सविता म्हणायची आणि जनावरांना वैरण टाकायला निघून जायची. मुद्दाम विचारते बया, तिला वाटायचं. मला डिवचायला विचारते.

बरं, नुसत्या विमानाचं असतं तर सवितानं नाक मुरडून सोडून दिलं असतं. खरं दुखणं माऊलीचं होतं. माऊली दीड वर्षाची असताना हिरा तळेगावच्या कंपनीत लागली. कधी सकाळची पाळी, कधी रात्रीची. तेव्हा त्या पोरीला न्हाऊमाखू कुणी घातलं? सवितानं. गोवर आला तेव्हा सात दिवस मांडीवर घेऊन कोण बसलं? सविता. वेण्या घालून शाळेत सोडलं कुणी, मास्तरांशी भांडली कोण? माऊली तिला मोठी आई म्हणायची, आणि मोठ्या आईच्या गोधडीचं टोक मुठीत धरल्याशिवाय पोरीला झोप यायची नाही. आणि आता तिकीट आलं ते एकाच नावाचं. सविता कोण? कुणी नाही. सविता अंगणातली.

तरी महिनाभर खपून शिवत आणलेली गोधडी तिनं पुरी केली. स्वतःची दोन मऊ जुनी लुगडी, मधे माऊलीच्या लहानपणच्या पिवळ्या फ्रॉकचा चौकोन, आणि टाके असे बारीक की मशीननं लाजावं. माय-लेकरू दोघं मावतील एवढी. ती घेऊन ती हिराकडं गेली, तर हिरा उघड्या बॅगेसमोर कपाळाला हात लावून बसलेली. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळाचे कपडे, लोणावळ्याच्या चिक्कीचे चार डबे, पाच किलो इंद्रायणी तांदूळ, सगळा पसारा.

हिरानं गोधडी हातात घेतली, तोलली आणि तोंड बारीक केलं.

"बाई, लय जड हाय वो. पंधराच किलो चालतंय म्हनं. फुडल्या खेपंला नेते की."

सविताच्या अंगाचा तिळपापड झाला. लोणावळ्याची चिक्की जाणार. नागपुरात तांदूळ मिळत नाही, म्हणून तांदूळ जाणार. आणि माझी गोधडी तेवढी जड! तिनं गोधडी तशीच हिराच्या खाटेवर टाकली आणि घरी येऊन भाकरी अशा थापल्या की परात नाचायला लागली.

जायच्या दिवशी सकाळी सविता नेहमीप्रमाणे दूध घालायला डेअरीवर गेली. गावात खात्रीचा काटा म्हणजे डेअरीचाच. तिथं पन्नास ग्रॅम इकडंतिकडं झाले तरी बायका डेअरीवाल्या विठ्ठलची खरडपट्टी काढतात, त्यामुळे गावात काय मोजायचं असेल ते तिथंच आणतात. कांद्याचं पोतं, बोकड, बाळंतिणीनं माहेरून आणलेलं पोर, सगळं त्याच काट्यावर. तेव्हा हिराही चाकाची बॅग धुळीतून खडखडत तिथंच आली, यात नवल नव्हतं.

विठ्ठल बाहेर टेम्पोत कॅन चढवत होता. "ठेवा काकी, काटा चालूच हाय!" तो तिथूनच ओरडला.

काटा चालू होता, हे खरं. पण दूध मोजायची एक रीत असते. आधी रिकामा कॅन काट्यावर ठेवायचा, त्याचं वजन बटण दाबून काढून टाकायचं आणि मग त्यात दूध ओतायचं, म्हणजे नुसत्या दुधाचं वजन कळतं. कॅन उचलून नेला, की रिकाम्या काट्यावर लाल आकडा दिसतो, उणे चार. पुन्हा बटण दाबेपर्यंत तो काटा वर ठेवाल ते चार किलोनं कमी दाखवणार. वीस वर्षं दूध घालणाऱ्या बाईला हे डोळे मिटून ठाऊक. कंपनीच्या बसनं जाण्यायेण्यात वय घालवलेल्या हिराला ते कुठून ठाऊक असणार?

सवितानं तो उणे चार बघितला. स्पष्ट बघितला. तेवढ्यात हिरानं हुश्श करत बॅग वर ठेवली.

"बाई, किती भरली बघा बरं. माझा चष्मा घरी ऱ्हायला."

सविताच्या ओठावर आलं होतं. थांब गं, बटण दाबू दे आधी. बास, एवढंच बोलायचं होतं. पण हिराच्या तोंडाला दम कुठला?

"लवकर सांगा वो. माझी माऊली तिकडं वाट बघत आसंल."

माझी माऊली! माझी!

"पंधरा," सविता म्हणाली.

यात खोटं काय होतं? काट्यावर पंधराच होते.

"बरोब्बर पंधरा? बाई, तुमच्या तोंडात साखर पडो!" म्हणत हिरानं बॅग उतरवली आणि खुशीत घराकडं निघाली. सविता तिच्या पाठमोऱ्या अंगाकडं बघत राहिली. होऊ दे फजिती, तिला वाटलं. विमानतळावरच्या पोरी चारचौघांत उघडायला लावतील बॅग. काढ म्हणावं आता तुझे तांदूळ बाहेर.

नऊच्या सुमाराला सविताच्या पोरानं, स्वराजनं, गाडी काढली. तो लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतो. त्या दिवशी काकीसाठी त्यानं खाडा केला होता. आळीतल्या बायका हिराला पोचवायला फाट्यापर्यंत गेल्या. हिरा पाया पडायला वाकली तेव्हा तिचे हात गारठलेले होते. सवितानं "नीट जा" एवढंच म्हटलं आणि पाय मागं घेतले.

दिवसभर तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दुपारी डोंगरावरून एक विमान गेलं. कुठलं कुठं चाललं होतं देव जाणे, पण सवितानं कपाळावर हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं. त्यात हिरा बसली असेल. खिडकीला. खाली बघून म्हणत असेल, ते बघा आमचं टाकवं. जळो ते विमान! सविताला रडू आलं, आणि रडू आल्याचा पुन्हा राग आला.

दिवस कलताना स्वराज परत आला. गाडीतून उतरला तो काखेत एक गाठोडं घेऊन.

"काय रं ते?" सवितानं विचारलं.

"काकीनं परत दिलं. बॅग चार किलो जास्त भरली. लय तमाशा झाला, आई." त्यानं गाठोडं ओट्यावर ठेवलं. "मला आत सोडत न्हाईत, मी काचंच्या भायेर. काकी आतून फोनवर रडती. मागं ही लाईन, वेळ संपत आली. म्हटलं मी पैसं भरतो, तर काकी आयकंना, चार किलोला अडीच हजार म्हंजे काय सोनं भरलंय का म्हनली. मग लाडवाचा डबा हातातल्या पिशवीत घातला, ती पिशवी भरली. तरी अडीच किलो ऱ्हायलंच. म्हटलं काकी, ही द्या माघारी, घरचीच हाय. न्हाई म्हनत व्हती, छातीशी धरून उभी. मीच वढून घेतली दारातनं."

सवितानं गाठ सोडली. आत तिचीच गोधडी होती. पिवळ्या फ्रॉकचा चौकोन वर.

"ही... ही कशी गेली बॅगंत?"

"रात्री माऊलीचा फोन आल्ता काकीला. मोठ्या आईची गोधडी आन म्हनून. मग काकीनं तांदूळ सगळा काढला न् ही घातली तळाला. तुला सांगू नको म्हनली. तितं गेल्यावर पोराला हिच्यावर निजवून फोनवर दावनार व्हती तुला."

सविता गोधडी घेऊन ओट्यावर बसली. स्वराज चहा मागत होता. तिला ऐकूच आलं नाही. हिराकडं जाऊन बघावं असं तिला वाटेना, पण हिराच्या पडवीत तांदळाची पिशवी भिंतीला टेकून उभी होती. इथूनच दिसत होती.

दिवेलागणीला फोन वाजला. स्वराजनं तो तिच्या पुढ्यात धरला. माऊलीचा चेहरा दिसला, डोळे सुजलेले, डोक्याला रुमाल बांधलेला. तिनं फोन खाली धरून बाळ दाखवलं. लालबुंद, मुठी आवळलेलं. ते एका विकतच्या गुळगुळीत दुपट्यावर झोपलं होतं.

"मोठी आई, बघ ना." माऊलीचा आवाज रडवेला झाला. "मी आईला एकच गोष्ट सांगितली होती. तुझी गोधडी आण म्हटलं. आणि ही बाई तीच ठेवून आली! चिक्कीचे डबे आणलेत चार. कोण खाणार चिक्की?"

आणि खरं सांगायचं तर, एक क्षण सविताला बरं वाटलं. चांगलं गार वाटलं काळजात. पोरगी तिच्या आईवर चिडली होती, आणि कुणासाठी? मोठ्या आईसाठी. आठ दिवस हेच तर हवं होतं तिला.

मागून हिराचा आवाज आला, थकलेला. "चुकलं गं बाई माझं. म्याच वजन नीट बघितलं न्हाई."

बास. एवढंच बोलली ती. वजन बाईंनी बघितलं, पंधरा बाईंनी सांगितलं, हे तिनं तोंडातून काढलं नाही. सविता वाट बघत होती, आता काढेल, आता काढेल. काढलंच नाही.

"हिराला फोन दे," सविता म्हणाली.

हिराचा चेहरा आला. कपाळावरचं कुंकू पसरलेलं, कानांत अजून कापसाचे बोळे.

"हिरा, काटा उणे चारवर व्हता." सविता म्हणाली. "कॅनचं वजन काढलेलं व्हतं. मला दिसलं व्हतं. म्या सांगितलं न्हाई तुला."

तिकडं माऊली "काय उणे चार? कसला कॅन?" विचारत होती. हिरानं तिला हातानं थांबवलं. मग तिनं कानातले बोळे एकेक करून काढले, जणू ऐकण्यात काही चूक झाली असेल.

"मला यायचंच नव्हतं, बाई," ती म्हणाली. "पाय लटलट कापत व्हतं माजं. खिडकी व्हती, पर डोळं उघडलं असतील तर शपथ. रोज इचारत व्हते ना तुमाला, चप्पल काढाय लागती का, कान दुखत्यात का? वाटायचं, आज तरी तुमी म्हनाल, तू ऱ्हा गं, मी जाते माऊलीकडं. एकदा म्हनायचं व्हतं. म्या तिकीट तुमच्या हातात ठिवलं असतं."

सविताला आठवलं. "मग नको जाऊस," असं म्हणाली होती ती. आणि वैरण टाकायला गेली होती.

"हिरा..."

"आता ऱ्हाऊ द्या." हिरानं पदरानं तोंड पुसलं. "गोधडी कुनाच्या हाती धाडू नका. जावयाला सांगते, तुमचं तिकीट काढा म्हनून. तुमीच घिऊन या. फकस्त बॅग दुसऱ्या काट्यावर टाका."

फोन बंद झाला. हे ती रागानं म्हणाली की हसून, ते सविताला कळलं नाही, आणि परत फोन लावून विचारायला तिला तोंड नव्हतं.